अनुभव धागा: घरच्या घरी अमेरिकन डायनरचा नाश्ता

मंडळी, शनिवारी सकाळी घरी डायनरसारखा (म्हणजे अमेरिकेतलं साधं, घरगुती छापाचं हॉटेल) नाश्ता कोण कोण करतं? पॅनकेक्स, अंडी, बटाटे, बेकन (डुकराच्या मांसाच्या खारवलेल्या पातळ पट्ट्या), टोस्ट आणि कप रिकामा झाला की परत भरायची साधी ड्रिप कॉफी, असं सगळं एका वेळी आणि सगळं गरम. गरम हाच खरा प्रश्न आहे. आम्ही बावीस वर्षं न्यू जर्सीत आहोत, इथे डायनर जागोजागी. एके काळी डायनर बनवायचे कारखानेच होते इथे, रेल्वेच्या डब्यासारखं अख्खं हॉटेल तयार होऊन यायचं आणि प्लॉटवर ठेवलं जायचं. मुळात ही परंपरा १८७२ साली प्रॉव्हिडन्समध्ये वॉल्टर स्कॉटने घोडागाडीतून रात्रपाळीवाल्यांना खाणं विकायला सुरुवात केली तिथून धरतात. आमच्या जवळच्या डायनरमधला कुक पाच-सहा ऑर्डरी एकदम काढतो आणि एकही अंडं गार नसतं. मी घरी करायचे तेव्हा पॅनकेक्स होईपर्यंत बटाटे मऊ पडायचे, फार वाईट वाटायचं, सगळे टेबलावर आणि मी गॅसपाशी.

आता मी असा क्रम लावलाय: बेकन ट्रेवर पसरून ओव्हनमध्ये ४०० फॅरनहाइटला १८ मिनिटं, मग ओव्हन २०० वर आणून दार जरा उघडं ठेवायचं आणि झालेले पॅनकेक्स आत जाळीवर ठेवत जायचं (एकमेकांवर रचायचे नाहीत, घाम सुटतो). बटाटे शेजारच्या शेगडीवर निवांत होतात. अंडी मात्र सगळे बसल्यावरच. तुमचे अनुभव लिहा, प्रमाणं असतील तर तीही द्या.

*

छान धागा! मी पेनसिल्व्हेनियात चार वर्षं नाइट शिफ्ट केली आणि सकाळी सहाला डायनरच्या काउंटरवर बसायचो, ग्रिडल (मोठा सपाट तवा) अगदी समोर. बघून बघून कळलं की ग्रिडलची एक बाजू कडक तापलेली आणि दुसरी कमी, आदल्या दिवशी उकडलेल्या बटाट्यांचा ढीग कमी आचेच्या बाजूला नुसता पडलेला असायचा आणि ऑर्डर आली की कुक तेवढेच ओढून कडक बाजूला घ्यायचा. घरी मी दोन शेगड्यांवर बसणारा बिडाचा लांब तवा घेतला, एक शेगडी मध्यम आणि एक मंद. बीड तापायला वेळ घेतं पण एकदा तापलं की गार पीठ पडलं तरी दम सोडत नाही, म्हणून दहा-बारा मिनिटं रिकामा तापवायचा. आणि बटरऐवजी तूप! बटरमधला दुधाचा अंश जळून काळे ठिपके पडतात, तुपात तो नसतोच. बऱ्याच डायनरमध्येसुद्धा निवळलेलं बटर किंवा तेल वापरतात ते ह्याचसाठी.

*

मी पुण्यातून. भाऊ न्यू जर्सीला असताना तीन महिने राहिले होते, तेव्हापासून मुलांना दर रविवारी पॅनकेक्स हवे असतात. पहिली चूक ताकाची झाली. रेसिपीत बटरमिल्क म्हणून मी आपलं रोजचं ताक ओतलं आणि पीठ धिरड्यासारखं पसरलं. तिकडचं बटरमिल्क विरजण लावलेलं आणि चांगलं दाट असतं, त्यामुळे आता मी दीड कप आंबटसर दही आणि अर्धा कप दूध फेटून घेते. त्याला दोन कप मैदा, दोन टीस्पून बेकिंग पावडर, अर्धा टीस्पून सोडा, अर्धा टीस्पून मीठ, दोन टेबलस्पून साखर, दोन अंडी, चार टेबलस्पून वितळलेलं लोणी. सोडा दह्याच्या आंबटपणावरच फुलतो म्हणून दही गोड असेल तर पॅनकेक बसका होतो. दुसरी चूक जास्त घोटायची. आपला हात भज्यांच्या पिठाला सवयीचा, गुठळी दिसली की मोडलीच पाहिजे, पण इथे गुठळ्या राहू द्यायच्या, फार घोटलं की मैद्याला चिकटपणा येऊन पॅनकेक चामट होतो. दहा मिनिटं ठेवायचं, मग पळीभर ओतायचं आणि पसरवायचं नाही. वर आलेले बुडबुडे फुटून भोकं तशीच राहिली आणि कडा सुकल्या की एकदाच उलटायचं. उलथन्याने दाबायचं नाही, मी दाबायचे, सगळी हवा जाते.

*

आम्ही शाकाहारी, मिनेसोटात. डायनरला गेलो की आमचं जेवण म्हणजे हॅश ब्राऊन्स (किसलेल्या बटाट्याचा तव्यावर कुरकुरीत केलेला थर) आणि टोस्ट, त्यामुळे घरी तेच जमवायचं वेड घेतलं. माझे वर्षभर नुसते चिकट लगदे व्हायचे. मग आई साताऱ्याहून आली, तिने एकदा बघितलं आणि म्हणाली, अगं तू बटाट्याचा कीस करतेयस उपासाचा. अगदी बरोबर होतं तिचं. किसाला आपण झाकण ठेवून वाफ देतो आणि हलवत राहतो, इथे दोन्ही नको. रसेट बटाटा (इथली पिठूळ जात) किसून पाणी स्वच्छ येईपर्यंत दोन-तीनदा धुवायचा, वरचा स्टार्च गेला पाहिजे. मग आईने तिचा पंचा काढला, त्यात बांधून अक्षरशः दोघींनी दोन टोकं धरून पिळलं, वाटीभर पाणी निघालं. तापलेल्या बिडाच्या तव्यात तूप, अर्ध्या इंचाचा थर, मीठ, आणि सात-आठ मिनिटं हातच लावायचा नाही. ते सगळ्यात अवघड. कडेने सोनेरी दिसलं की ताटलीवर उपडं करून परत तव्यात सरकवायचं. आई जाताना पंचा इथेच ठेवून गेली, अजून त्याच कामाला आहे.

*

अंड्यांबद्दल लिहितो. १९९८ ला ओहायोत आलो तेव्हा पहिल्याच सकाळी वेट्रेसने विचारलं अंडी कशी, टोस्ट कुठला, बटाटे कुठले, आणि मला एकाही प्रश्नाचं उत्तर येत नव्हतं. तिने शांतपणे समजावलं: सनी साइड अप म्हणजे उलटायचंच नाही, ओव्हर ईझी म्हणजे उलटून बलक पातळ, मीडियम म्हणजे जरा धरलेला, हार्ड म्हणजे पूर्ण शिजलेला. फार माया होती त्या बाईच्या बोलण्यात, अजून आठवते. बाबा आले तेव्हा ते कच्चा बलक म्हटलं की ताट सरकवायचे, त्यांना ओव्हर मीडियम करून दिलं आणि टोस्टने पुसून खाल्लं त्यांनी. मंद आच, अंडं आधी वाटीत फोडून तव्यात सोडायचं, पांढरं धरलं की उलटायचं आणि मनात तीस ते चाळीस मोजायचे. कडा कुरकुरीत झाल्या तर आच जास्त आहे.

*

नॉर्थ कॅरोलायनात बटाट्याऐवजी ग्रिट्स मिळतात ताटात, म्हणजे मक्याच्या कण्या हो! माझी आजी ज्वारीच्या कण्या शिजवायची तशाच. जात्यावरच्या जाड ग्रिट्सना एकास चार पाणी, मंद आचेवर पाऊण तास आणि अधूनमधून ढवळायचं, शेवटी मीठ, लोणी. झटपट होणारी पाकिटं मिळतात पण ती खळीसारखी लागतात. मी वरून लसणाची फोडणी घालतो. शेजारचे आजोबा, जन्म इथलाच, त्यांनी चाखून वाडग्यात परत मागितलं.

*

सिरपबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून दोन ओळी. बऱ्याच डायनरमध्ये टेबलावर असतं ते कॉर्न सिरपचं. व्हरमाँटला मार्चमध्ये गेलो होतो, रात्री गोठणारी थंडी आणि दिवसा ऊन असलं की मेपलच्या झाडातून रस येतो, साधारण चाळीस लिटर आटवून एक लिटर होतं. त्या खोपटातली वाफ बघून गुऱ्हाळच आठवलं. गडद सिरप घ्या, चव ठसठशीत असते. आणि कोमट करून द्या, गार सिरपने पॅनकेक गार होतो.

*

धागाकर्ती परत आले. आज सकाळी तूप आणि पंचा दोन्ही करून बघितलं (माझा पंचा नव्हता, जुन्या सुती ओढणीचा तुकडा घेतला). हॅश ब्राऊन पहिल्यांदाच अखंड उलटला! अंडी शेवटी, सिरप कोमट, आणि चौघं एकदम बसलो, मीसुद्धा. लेकाने कॉफी ओतली सगळ्यांना. दुपारी ग्रिट्स आणल्यात, जाड्या. त्या लसणाच्या फोडणीत मिरची घालता की नुसता लसूण? उद्या लवकर लावायच्यात, रात्रीपर्यंत सांगा.