समन्स दारावर डकवलं, पण घर कोणी दाखवलं ते अहवालात नाही. आता काय?

तापीकाठचा केळीवाला

नमस्कार मंडळी, चोपडा तालुक्यातून लिहितोय. वडिलांनी साडेतीन एकरांतली केळी एका व्यापाऱ्याला दिली. पहिल्या दोन गाड्यांचे पैसे हातावर दिले, पुढच्या तीन उधार. 4 लाख 10 हजार अडकले. काट्याच्या पावत्या आहेत, त्याच्या हातची चिठ्ठी आहे. फोन उचलेना म्हणून शेवटी वसुलीचा दावा टाकला.

व्यापारी शेजारच्या तालुक्यातला. त्यामुळे समन्स आमच्या कोर्टातून तिकडच्या कोर्टात जातं, तिथला बेलिफ बजावायला जातो, मग कागद फिरून इकडे येतो. पहिल्यांदा शेरा आला "घर बंद". दुसऱ्यांदा, "प्रतिवादी मिळून आले नाहीत, वडिलांनी घेण्यास नकार दिला." स्पीड पोस्टाचं पाकीट "अनक्लेम्ड" म्हणून परत. तिसऱ्या वेळी, "प्रतिवादी घरी नसल्याने प्रत दारावर डकवली." बस, एवढी एकच ओळ.

आम्हाला वाटलं, झालं काम. तर साहेबांनी कागद वाचून विचारलं, घर कोणी दाखवलं? कोणासमोर डकवलं? आमचे वकील गप्प. पुढची तारीख.

आणि हा माणूस परवा मला चोपड्यात रसवंतीवर दिसला, ग्लास हातात! वडील विचारतात, जो गावभर फिरतो तो कोर्टालाच कसा सापडत नाही? मी पुढच्या वेळी बेलिफासोबत जाऊ का? त्याचा फोटो काढून कोर्टात दिला तर चालेल का?

जुना बेलिफ

भाऊ, वडिलांना माझा रामराम सांगा. 31 वर्षं समन्स बजावली, धुळे-साक्रीकडच्या गावांत. एसटीने फाट्यापर्यंत, पुढे सायकल, पुढे पायी. आता निवृत्त आहे, म्हणून मोकळेपणाने लिहितो.

साहेबांनी बरोबर विचारलं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 5 रूल 17 मध्ये दारावर डकवायची परवानगी आहे, पण त्या कागदाला जीव बेलिफाच्या अहवालाने येतो. प्रत डकवली, कोणत्या परिस्थितीत डकवली, घर ओळखून देणाऱ्याचं नाव-पत्ता, आणि ज्याच्या समोर डकवली त्याचं नाव-पत्ता. हे सगळं मूळ समन्सवर किंवा सोबत जोडून लिहावं लागतं. रूल 18 प्रमाणे वेळ आणि पद्धतही. तुमच्या अहवालात यातलं अर्धं गळालं आहे.

दुसरं, माणूस एकदा घरी नाही म्हणून लगेच डकवता येत नाही. पुरेसा शोध घेतला, तरी मिळाला नाही, आणि लवकर मिळेल अशी शक्यता नाही, हे अहवालात दिसलं पाहिजे. मी लिहायचो असं: सकाळी सव्वासातला गेलो, घरी म्हातारी होती, म्हणाली "तो गावले गया, कव्हय येई माले माहीत नही". संध्याकाळी साडेसहाला पुन्हा गेलो, तेच उत्तर. समोरच्या किराणावाल्याला विचारलं, तो म्हणाला चार दिवसांपासून दिसला नाही. असं लिहिलं की वकील कितीही उलटतपास घेवो, घाम त्याला येतो.

उलटतपासावरून एक सांगतो. डकवलेल्या समन्सचा अहवाल बेलिफाच्या प्रतिज्ञापत्राशिवाय आला, तर कोर्टाला त्याला शपथेवर तपासावंच लागतं. प्रतिज्ञापत्र असलं तरी तपासू शकतात. मला एकदा पिंजऱ्यात उभं केलं. समोरचा वकील म्हणाला, तुम्ही त्या गावाला गेलातच नाही, फाट्यावर चहा पिऊन अहवाल लिहिला. दाराचा रंग सांगा! मी डायरी उघडली. "धाब्याचं घर, दार निळं, डाव्या फळीला खालून टिनाचा पत्रा ठोकलेला, शेजारी पिठाची गिरणी." वकील खाली बसला. तेव्हापासून मी प्रत्येक दाराची ओळ लिहायचो. आमच्या सौ. हसायच्या, की जगात नवरे माणसं बघतात आणि हे दारं बघतात.

आता माझी चूकही ऐका. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका मोठ्या शेतकऱ्याकडे गेलो. तो नव्हता. ओट्यावर सालदार बसलेला, वीस वर्षं त्याच घरात राहणारा, त्याच ताटातलं जेवणारा. म्हणाला, द्या, मी देतो मालकाला. मी दिलं, सही घेतली, खूश होऊन परत. बजावणी रद्द. नियमात स्पष्ट लिहिलंय, नोकर हा कुटुंबाचा माणूस नाही. साहेब मला म्हणाले, "ताटात जेवला म्हणून घरचा होत नाही." शिकलो.

घरातल्या बाईकडे मात्र देता येतं, तिने सज्ञान आणि त्याच्यासोबत राहणारी असायला हवं. 1976 च्या दुरुस्तीआधी पुरुषालाच देता येत होतं, म्हणून खेड्यात जुनी माणसं अजून "बायामाणसाला नका देऊ" म्हणून वाद घालतात.

तुमच्या दुसऱ्या अहवालाकडे पुन्हा बघा. वडिलांनी नकार दिला, हे तुमच्या कामाचं आहे. सोबत राहणाऱ्या सज्ञान माणसाने घ्यायला नकार दिला की त्याच वेळी दारावर डकवता येतं. पण वडील त्याच्यासोबत राहतात की वेगळे, हे तिथे लिहिलं आहे का? नसेल तर तोही कागद लंगडा.

बेलिफासोबत जा, घर लांबून दाखवा, पण घर दाखवणारा म्हणून तुमचं नाव पडू देऊ नका. वादीनेच घर दाखवलं म्हटल्यावर समोरचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवतो. पोलीस पाटील, कोतवाल, नाहीतर शेजारी घ्या. आणि केळीचा व्यापारी आहे ना? मग पहाटे कटाईवर असणार, दुपारी काट्यावर. घराच्या पत्त्यासोबत त्याच्या धंद्याचा पत्ताही समन्सवर टाकायला सांगा. जिथे धंदा करतो तिथेही बजावता येतं, डकवताही येतं. बेलिफाला दुपारी बारा वाजता घरी पाठवून तो सापडायचा नाही.

आताच्या पोरांना एनस्टेपचा, म्हणजे समन्स बजावणीच्या सरकारी अ‍ॅपचा मोबाईल आहे. दारात उभं राहून फोटो, जागेचं लोकेशन, सही, सगळं तिथल्या तिथे. मला असा फोन मिळाला असता तर डायऱ्यांची ती पेटी माळ्यावर पडली नसती.

अ‍ॅड. पांझरा

बेलिफकाकांनी बहुतेक सांगितलंच. मी तीन-चार गोष्टी जोडतो, तुमच्या वकिलांना दाखवा.

समन्स न बजावता परत आल्यावर 7 दिवसांत नव्या समन्ससाठी अर्ज करा. तो केला नाही तर ऑर्डर 9 रूल 5 खाली दावाच फेटाळला जाऊ शकतो, आणि लोक नेमके इथेच झोपतात.

हमदस्त मागू शकता, म्हणजे समन्स तुमच्याच हाती देऊन तुम्हीच बजावायचं. पण त्याने घेतलं नाही किंवा सही दिली नाही, तर पुन्हा कोर्टामार्फतच जावं लागतं. त्यामुळे रसवंतीवर जाऊन त्याच्या खिशात कागद कोंबू नका. फोटोचंही तसंच. तो गावात आहे हे सांगायला अर्जासोबत जोडा, पण फोटो म्हणजे बजावणी नव्हे.

पोस्टाच्या शेऱ्यात "नकार" असेल तर कोर्ट बजावणी झाली असं जाहीर करतं. "अनक्लेम्ड"साठी नियमात तसा सरळ शब्द नाही, तिथे न्यायाधीश बाकी परिस्थिती बघतात. ट्रॅकिंगची छापील प्रत आणि पोस्टाची पावती जपा. 1 सप्टेंबर 2025 पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात मिसळलंय, तेव्हा जुनी रजिस्टरची पावती शोधत बसू नका.

व्हॉट्सॅपचं म्हणाल तर जून 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका वसुलीच्या प्रकरणात पाठवलेली पीडीएफ पोहोचली आणि उघडली गेली, हे निळ्या टिचक्यांवरून मान्य केलं होतं. तालुक्याच्या कोर्टात मी त्याला जोड म्हणून वापरतो, एकटं कधीच नाही.

आणि शेवटचा उपाय, ऑर्डर 5 रूल 20 ची वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस. सगळ्यांना ती फार आवडते. पण मुदतीच्या कायद्याच्या अनुसूचीतल्या अनुच्छेद 123 खाली अशी बजावणी रीतसर बजावणी धरत नाहीत. म्हणजे एकतर्फा हुकूमनामा (तो हजर नसताना लागलेला निकाल) मिळाला तरी तो माणूस तीन वर्षांनी उठून "मला काल कळलं" म्हणू शकतो, आणि हुकूमनामा रद्द करून मागायचे त्याचे 30 दिवस कळल्यापासून मोजतात. हातात दिलेल्या समन्सची सर नाही कशाला.

धुळेकरीण

मी दुसऱ्या बाजूने लिहिते. माहेरच्या शेतीच्या वाटपाच्या दाव्यात मी प्रतिवादी होते, आणि मला तीन वर्षं पत्ताच नव्हता. चुलतभावाने दावा टाकला. समन्सवर पत्ता माझ्या माहेरच्या गावाचा. माझ्या सख्ख्या भावाने "बहिणीचं मी घेतो" म्हणून सही केली आणि मला फोन केला नाही. सातबारा काढला तेव्हा माझं नाव गेलेलं दिसलं. त्या दिवशी मी स्वयंपाकच केला नाही.

मग वकिलांनी अर्ज दिला. मुद्दा एकच होता, भाऊ कुटुंबातला असला तरी मी त्याच्यासोबत राहत नव्हते. धुळ्याचं रेशनकार्ड, लाईटबिल, मुलीच्या शाळेचा दाखला, सगळं जोडलं. बेलिफाच्या अहवालात "प्रतिवादी सोबत राहतात" असं कुठेच नव्हतं. हुकूमनामा रद्द झाला, दावा पुन्हा सुरू झाला. म्हणून म्हणते, समोरच्याचा खरा पत्ता द्या. घाईत चुकीच्या दारावर डकवलेला कागद पुढे तुमच्याच गळ्यात येतो. भाऊ आता राखीला येतो, मी चहा देते, बाकी काही बोलत नाही.

तापीकाठचा केळीवाला

सगळ्यांचे आभार. ताई, तुमचं वाचून वडील बराच वेळ गप्प बसले.

कळवायला उशीर झाला. नव्याने समन्स काढायचा अर्ज दिला, काट्याचा पत्ता टाकला. मी बेलिफसाहेबांना फक्त गावच्या वेशीपर्यंत सोडलं आणि तिथेच थांबलो. ते कोतवालाला घेऊन दुपारी तीनला काट्यावर गेले. तिथे हा गाडीवर उभा राहून घड मोजत होता! आधी म्हणाला, मी तो नाही, तो माझा चुलतभाऊ. कोतवाल हसला आणि त्याला नावाने हाक मारली. मग सही केली. बेलिफसाहेबांनी तिथेच फोटो काढला. आता कैफियतीसाठी, म्हणजे लेखी उत्तरासाठी, त्याचे 30 दिवस सुरू.

फक्त सही अशी केली आहे की नाव वाचता येत नाही, नुसता भोवरा.

जुना बेलिफ

भोवरा असू द्या. खाली बेलिफाने "माझ्या समक्ष सही केली" असं लिहून तारीख-वेळ टाकली आहे का, आणि कोतवालाचं पूर्ण नाव आहे का, एवढं उद्याच कोर्टात जाऊन बघा. काट्याच्या दाराचा रंग लिहिला असेल तर मला नक्की सांगा.