एकाच सर्व्हरवर तीन डोमेनचं मेल, डीएनएस (डोमेनच्या नोंदी) कसं लावू? (बजेट महिना ६००)

चिपळूणकर_७
नमस्कार मंडळी. छोटा व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर) घेतलाय, आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) एकच, पोस्टफिक्स आणि डव्हकॉट (मेल पाठवायचं-घ्यायचं आणि मेलबॉक्सचं सॉफ्टवेअर) टाकून झालंय. तीन डोमेन चालवायचीत, माझं, बायकोच्या शिवणक्लासचं आणि दाजींच्या आंब्याचं. मेल येतंय नीट पण जातंय ते जीमेलला थेट स्पॅममध्ये. परवा दाजींच्या पुण्याच्या गिऱ्हाइकाचा फोन, पेट्या मिळाल्या बिल कधी पाठवताय, आणि बिल आठ दिवस त्यांच्या स्पॅममध्ये पडलेलं. माझ्या डोमेनला एसपीएफ (डोमेनच्या नावानं मेल कोण पाठवू शकतं त्याची यादी) आहे, बाकी दोघांना नुसतं एमएक्स (मेल कुठं यायचं ती नोंद). पीटीआर (आयपीवरून नाव सांगणारी नोंद) तीन लावायचे का एकच? डीकिमची (मेलवरच्या डिजिटल सहीची) की तिघांना एकच चालेल? महिना ६०० च्या वर घरातून परवानगी नाही.

सर्व्हरवाला_बाप्पा
कशाला नसते उद्योग. मी दोन वर्षं स्वतःचा मेल सर्व्हर पाळला, केस पांढरे झाले. आता १५ मेलबॉक्स रेडिमेड घेतलेत, पैसे जातात पण रात्री झोप लागते. तुम्ही पण तेच घ्या.

चिपळूणकर_७
दर मेलबॉक्सला पैसे ना? आमचे ११ आहेत. ६०० लिहिलंय वर.

डिग_ताई
पीटीआर आयपीला एकच ठेवा. आणि तो डोमेन घेतलं तिथं लागत नाही, व्हीपीएसवाल्याच्या पॅनलमध्ये लागतो, कारण आयपी त्यांचा. तुमच्या डोमेनवर मेल असं एक नाव ठरवा, त्याचा ए रेकॉर्ड (नावावरून आयपी सांगणारी नोंद) आयपीकडे, आयपीचा पीटीआर त्या नावाकडे आणि पोस्टफिक्सचं मायहोस्टनेम (सर्व्हर स्वतःचं सांगतो ते नाव) पण तेच. समोरचा सर्व्हर हा फेरा जुळतो का बघतो, त्यात दाजींचं नाव नसलं तरी कुणाचं काही अडत नाही. तिन्ही डोमेनचे एमएक्स त्याच एका नावाकडे वळवा. एमएक्समध्ये आयपी टाकायचा नाही, सीनेम (टोपणनावाची नोंद) पण नाही.

नागपुरी_रूट
आमच्याकडं प्रत्येक क्लायंटला वेगळा आयपी देतो आपण, ३० डोमेन आहेत, एकाची तक्रार नाही. तीन आयपी घ्या विषय संपला.

डिग_ताई
नवा आयपी म्हणजे कोरी पाटी, त्याला पत कमवायला वेळ लागतो. तीन घेतले तर तीनदा तेच. घरगुती मेलला एक बास.

काजूगर
आंबा देवगडचा का रत्नागिरीचा? चिपळूणच्या आंब्याला हापूस म्हणणारे खूप बघितलेत.

चिपळूणकर_७
बाग रत्नागिरीजवळ आहे, राहतो आम्ही चिपळूणला. आणि जीआय (भौगोलिक मानांकन) २०१८ ला पाच जिल्ह्यांना मिळालाय, रायगड ठाणे पालघर पण आहेत त्यात. डीएनएसवर बोला हो.

टीटीएल_३००
माझी फजिती सांगतो. एसपीएफ आधीच होता, बिलिंगच्या सॉफ्टवेअरवाल्यानं त्यांचा द्या म्हटलं, मी खाली दुसरा टीएक्सटी (मजकुराची नोंद, एसपीएफ त्यातच लिहितात) टाकला. एका डोमेनला दोन एसपीएफ झाले की दोन्ही फुकट, पर्मएरर (कायमची चूक) येतो. एकाच ओळीत दोन्ही घालायचे. आणि इन्क्लूड (दुसऱ्याची यादी जोडणं) वाढवत बसू नका, सगळे मिळून १० लुकअपची (डीएनएसला विचारण्याची) मर्यादा आहे. थेट आयपी४ लिहिलात तर ते मोजत नाहीत.

सर्व्हरवाला_बाप्पा
हेच म्हणतो मी, रेडिमेड घ्या.

पॅनल_पीडित
डीकिमला दीड दिवस गेला माझा. २०४८ बिटची की एका स्ट्रिंगमध्ये बसत नाही, २५५ अक्षरांची मर्यादा, अवतरणात दोन तुकडे करावे लागले. वर नावाच्या रकान्यात मी पूर्ण डोमेन लिहिलं, पॅनलनं शेवटी परत डोमेन चिकटवलं, म्हणजे डोमेन दोनदा. डोळ्यांना दिसतंय बरोबर आणि डिग (डीएनएस तपासायची कमांड) केलं की काहीच नाही. ढगवालं डीएनएस (क्लाउडफ्लेअर) असेल तर मेलच्या नावावरचा नारिंगी ढग (म्हणजे प्रॉक्सी) बंद करा, त्यातून पोर्ट २५ (मेलची वाट) जात नाही.

डिग_ताई
हो. आणि की प्रत्येक डोमेनची वेगळी काढा. एक चालते, पण सिलेक्टरचा (कीच्या नावाचा) रेकॉर्ड प्रत्येक डोमेनमध्ये लावावाच लागतो आणि सही त्याच डोमेनच्या नावानं व्हायला हवी. दाजींच्या मेलवर तुमच्या डोमेनची सही असली तर डीमार्कला (पाठवणाऱ्याचं डोमेन एसपीएफ किंवा डीकिमशी जुळतं का बघणारा नियम) ती जुळत नाही. डीमार्क आधी पी इक्वल टू नन (फक्त बघा, अडवू नका) ठेवा, रिपोर्ट बघा, मग कडक करा. तिघांचे रिपोर्ट तुमच्याच मेलबॉक्सवर मागवणार असाल तर तुमच्या डोमेनमध्ये बाकी दोघांसाठी _रिपोर्ट._डीमार्कचे टीएक्सटी लागतात, नाहीतर पाठवणारे रिपोर्ट पाठवतच नाहीत.

नागपुरी_रूट
आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा आयपी, नेहमीचा तो आयपीव्ही४) बघितला का? व्हीपीएसला आपोआप मिळालेला असतो, त्याला पीटीआर नसतो, आणि पोस्टफिक्स गुपचूप त्यावरून जीमेलला पाठवतं. आमचं एकदा असंच झालेलं.

काजूगर
मग तक्रार नाही म्हणालात ते?

चिपळूणकर_७
सापडलं! आयपीव्ही६ च होता, लॉगमध्ये स्वच्छ दिसतंय, पोस्टफिक्स फक्त आयपीव्ही४ वर आणलं. पीटीआर एकच, डीकिम तीन, डीमार्क नन. जीमेलमध्ये शो ओरिजिनल (मेलच्या तपासणीचा निकाल) उघडलं तर तिन्ही पास. पण एमएक्स मी तीन वेगळ्या नावांचे ठेवलेत, प्रत्येकाचा ए रेकॉर्ड त्याच आयपीकडे. दाजी म्हणाले माझ्या आंब्याचं टपाल मेव्हण्याच्या नावावर नको, आणि त्यांच्याशी वाद घालून मला मे महिन्यात घरी राहायचंय.

डिग_ताई
चालेल, पण सर्टिफिकेटमध्ये तिन्ही नावं घाला, नाहीतर दाजी फोनवर मेल लावायला बसले की इशारा येणार आणि तो फोन तुम्हालाच.

काजूगर
पेटीचा भाव व्यनि (खासगी निरोप) करा.