लिस्बन ते माद्रिद : विमान की बस? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मे महिन्यात आई-बाबांना घेऊन लिस्बनहून माद्रिदला जायचं आहे. हवाई अंतर जेमतेम ५०० किमी, रस्त्याने सव्वासहाशेच्या आसपास. विमान एक तास वीस मिनिटांत पोचतं, पण तिकिटावर निघायची वेळ १४:०० आणि पोचायची १६:२० दिसते, कारण स्पेनचं घड्याळ पोर्तुगालच्या एक तास पुढे. (परतीच्या तिकिटावर हेच विमान वीस मिनिटांत पोचवतं, बाबा जाम खूश!) रात्रीची थेट रेल्वे २०२० पासून बंद आहे. बसला आठेक तास लागतात, आईच्या गुडघ्यांना ते झेपणार नाही, म्हणून मन विमानाकडेच झुकतंय.

खरी अडचण माद्रिदची. आम्ही उतरणार टर्मिनल २ वर आणि पुढचं विमान टर्मिनल ४ वरून, तेही वेगळ्या तिकिटावर. म्हणजे बॅगा घेऊन पुन्हा चेक-इन. दोन्ही देश शेंगेनमध्ये असल्यामुळे पासपोर्टची रांग नाही, तेवढंच बरं. टर्मिनलमधली मोफत बस सामानासकट ज्येष्ठांना जमते का? व्हीलचेअर मागितली तर ती दुसऱ्या टर्मिनलपर्यंत सोबत येते का? मध्ये तीन तास पुरतील? कोणी असं केलं असेल तर प्लीज सांगा.