कमी उत्पन्नाच्या घरातली लहान मुलं: रोख रक्कम, घरभेट की पालकांची कार्यशाळा?

उंबरा
तीन वर्षांखालची मुलं असलेल्या कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी एका संस्थेचा आराखडा लिहायचा आहे. निधी एवढाच की तीनपैकी एकच गोष्ट धड होईल: दरमहा रोख मदत, आठवड्याला घरभेट (आईबापांसोबत मुलाशी खेळणं-बोलणं), किंवा पालकांसाठी बारा सत्रांची कार्यशाळा. समितीचा कल कार्यशाळेकडे आहे, कारण ती स्वस्त. शिवाय 'रोख दिली तर ती मुलांवरच खर्च होईल कशावरून?' आणि 'या पालकांना मुलांशी बोलायचंच कळत नाही' ही दोन वाक्यं प्रत्येक बैठकीत येतात. अटी घालाव्यात का? घरभेटीत तासभर करायचं काय? आणि हे सगळं कुठे फसतं?

दशांश
दुसऱ्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण सगळा आराखडा त्यानेच तिरका होतो. त्यामागे बहुधा 'तीन कोटी शब्दांची दरी' हा आकडा असतो, म्हणजे गरीब घरातल्या मुलाच्या कानावर सुखवस्तू घरातल्या मुलापेक्षा तेवढे कमी शब्द पडतात हा दावा. तो हार्ट आणि रिस्ली यांच्या 1995 च्या अभ्यासातला, अमेरिकेतल्या कॅन्ससचा. एकूण कुटुंबं 42 आणि त्यातली सरकारी मदतीवरची फक्त 6. मोजले ते प्रामुख्याने सांभाळ करणाऱ्या पालकाने थेट मुलाला उद्देशून काढलेले शब्द. भावंडं, आजी, शेजारी यांचं बोलणं हिशेबात नव्हतं. 2018 मध्ये स्पेरी आणि सहकाऱ्यांनी ते धरून मोजलं, तेव्हा गरीब वस्त्यांमध्येही वस्तीगणिक मोठा फरक निघाला आणि सरसकट दरीचं चित्र टिकलं नाही. मुलाशी बोलणं महत्त्वाचं आहेच, पण 'यांना कळत नाही' हा निष्कर्ष त्या 42 घरांतून निघत नाही.

रँड काँगर या संशोधकांनी अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या ग्रामीण कुटुंबांचा अभ्यास केला, 1980 च्या दशकातल्या शेती संकटानंतरचा. त्यात दिसलेली साखळी अशी: पैशाची ओढाताण, मग आईबापांची खचलेली मनःस्थिती आणि आपसातली भांडणं, मग मुलांवरचा राग. कार्यशाळा शेवटच्या कडीला हात घालते आणि पहिली तशीच ठेवते.

फसते कुठे, तर हजेरीत. पाळीत काम करणारी, रोजंदारीवरची, लहान मूल कडेवर असलेली आई सहाव्या सत्राला नसते. तेव्हा 'समाधानी पालकांची टक्केवारी' शेवटपर्यंत टिकलेल्यांतून काढू नका, पहिल्या दिवशी नोंदवलेल्या सगळ्यांतून काढा. आकडा बराच उतरेल.

सत्रं घ्यायचीच असतील तर लोक एरवीही येतात तिथे घ्या. जमैका, अँटिग्वा आणि सेंट लुशियात मूल 3 ते 18 महिन्यांचं असताना, नेहमीच्या पाच तपासण्यांच्या वेळी दवाखान्याच्या प्रतीक्षागृहातच छोट्या चित्रफिती दाखवल्या आणि आरोग्यसेविकांनी प्रात्यक्षिकं दिली. मुलांच्या आकलनात सुधारणा दिसली. वेगळी फेरी नाही की बुडालेली मजुरी नाही.

मोजपट्टी
रोख मदतीबद्दल.

'दारूत उडवतील' याला उत्तर आहे. इव्हान्स आणि पोपोवा यांनी अनेक देशांमधले अभ्यास एकत्र तपासले (2017). रोख मदतीने दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचं एकंदरीत दिसलं नाही. हा मुद्दा बैठकीत एकदाच मांडा आणि पुढे चला.

अटींचा प्रश्न जास्त गुंतागुंतीचा. मेक्सिकोच्या प्रोग्रेसा योजनेत (1997) शाळेत 85 टक्के हजेरी आणि दवाखान्यातल्या तपासण्या अशा अटी होत्या, पैसे आईच्या हाती जात आणि माध्यमिक वर्गातल्या मुलींना मुलांपेक्षा जास्त रक्कम होती. नावनोंदणी वाढली. पण त्यात पैशाचं किती श्रेय आणि अटीचं किती? मोरोक्कोत 'ही शिक्षणासाठीची मदत आहे' एवढंच सांगून बिनशर्त रक्कम दिली, तरी शाळेतला सहभाग चांगला वाढला. वर अट लावून फार काही पदरात पडलं नाही. मलावीत किशोरवयीन मुलींच्या प्रयोगात उलट चित्र: शाळा सोडण्याचं प्रमाण अटीच्या गटात जास्त घटलं, पण लवकर लग्न आणि गरोदरपण बिनशर्त गटात जास्त घटलं. कारण उघड आहे. जी मुलगी अट मोडून शाळा सोडते तिचे पैसेही थांबतात, आणि नेमकी तिलाच त्यांची जास्त गरज असते.

तुमची मुलं तीन वर्षांखालची, म्हणजे शाळेची अट लागूच नाही. राहिली तपासणीची. परिचारिका रजेवर असेल तर दंड कुटुंबाला बसतो. माझं मत: मोरोक्कोसारखं मदतीला 'मुलांसाठी' असं नाव द्या, अट नको.

रक्कम: प्रोग्रेसामध्ये ती सर्वसाधारणपणे घरखर्चाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास होती. त्याच्या फार खाली गेलात तर पैसे उधारीत विरघळतात आणि मोजायला काही उरत नाही. त्यापेक्षा कुटुंबं कमी घ्या.

तारीख: रकमेइतकीच महत्त्वाची. भाडं ज्या तारखेला द्यावं लागतं त्याच्या दोन दिवस आधी, दर महिन्याला तीच. महिना हुकवून पुढच्या वेळी दुप्पट दिली तरी मधल्या काळात व्याजाने काढलेले पैसे तसेच राहतात.

पात्रता: उत्पन्नाची फेरतपासणी दर तिमाहीला ठेवलीत, तर बाहेर फेकली जातील ती हंगामी कामं करणारी कुटुंबं, म्हणजे सर्वांत अस्थिर. वर्षातून एकदा पुरे. आणि मर्यादेवर कडेलोट नको. समजा मर्यादा 100 आणि मदत 20. ज्याची कमाई 99 वरून 101 झाली त्याच्या हाती आधी 119 होते, आता 101 राहिले. तो जादा काम नाकारणार, आणि त्यात आळस कुठेच नाही. मर्यादेवरच्या प्रत्येक 10 मागे मदत 3 ने घटवा, म्हणजे कमाई वाढली की हातातलेही वाढतात.

कागदपत्रं: जन्मनोंद नसलेलं मूल हेच बहुधा सर्वांत गरजू असतं. तात्पुरती नोंद करून पहिला हप्ता सुरू करा, दाखला काढायला सहा महिने द्या आणि त्यासाठी माणूस सोबत पाठवा.

काठपदर
घरभेटीचा मूळ नमुना किंग्स्टनचा, जमैका. सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांचा 1980 च्या दशकातला प्रयोग: वाढ खुंटलेली 129 मुलं, वय 9 ते 24 महिने, दोन वर्षं, दर आठवड्याला सुमारे एक तास. काहींना घरभेट, काहींना आठवड्याला एक किलो दूधपावडर, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. निव्वळ दूधपावडरीचा फायदा पुढे ओसरला. घरभेटीची मुलं साधारण 22 वर्षांची झाली तेव्हा त्यांची कमाई तुलनेच्या गटापेक्षा 25 टक्के जास्त होती.

तासभरात काय करायचं:

आधी हालहवाल विचारा. हे औपचारिकतेपुरतं नाही, कुणी आजारी आहे का, काम गेलंय का हे इथेच कळतं. मग गेल्या आठवड्याचा खेळ आईने करून दाखवायचा. मग नवा खेळ: सेविकेने एकदा दाखवायचा आणि लगेच हात मागे घ्यायचे. एखादं गाणं. रोजची कामं चालू असताना मुलाशी काय बोलता येईल, यावर दोन मिनिटं. नवी खेळणी ठेवा, जुनी परत आणा.

खेळणी विकत नकोत. झाकण पक्कं चिकटवलेल्या बाटलीचा खुळखुळा, कागद भरून बंद केलेल्या खोक्यांचे ठोकळे, चिंध्यांची बाहुली, पुठ्ठ्यावर चित्रं काढलेलं पुस्तक. सुमारे 3 सेंटीमीटर व्यासाच्या नळीत पूर्ण मावणारा कुठलाही तुकडा बाद, तो घशात अडकू शकतो.

फसतं ते इथे: सेविका स्वतःच मुलाशी छान खेळते आणि आई 'आता सुटले' म्हणून कामाला लागते. मूल खूश, भेट वाया. पर्यवेक्षकाने दहातली एक भेट बसून पाहावी आणि एकच गोष्ट मोजावी: खेळणं किती वेळ आईच्या हातात होतं.

भेटी महिन्याला एक करून पैसे वाचवू नका. जमैकातच तपासलंय: आठवड्याच्या भेटीचा परिणाम सर्वांत मोठा, पंधरवड्याच्या भेटीचा जेमतेम, महिन्याच्या भेटीचा जवळपास शून्य. रोज पाच भेटी, आठवड्यात चार दिवस, पाचवा दिवस खेळणी आणि बैठकीला. म्हणजे एका सेविकेकडे वीस घरं. तीस दिलीत की तासाच्या भेटीची वीस मिनिटं होतात आणि वहीत मात्र तासच राहतो.

एक सावधगिरी: कोलंबियात हाच नमुना मोठ्या प्रमाणावर 18 महिने चालवला. लगेच फायदा दिसला, दोन वर्षांनी तो मोजण्याइतका उरला नव्हता. किंग्स्टनचे 25 टक्के समितीला वचन म्हणून देऊ नका.

उंबरा
सर्वांचे आभार. मग फक्त रोख दिली तर मुलांच्या विकासात फरक पडतो असं म्हणता येईल का?

दशांश
सरसकट नाही. अमेरिकेत 'बेबीज फर्स्ट इयर्स' प्रयोगात एक हजार आयांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं विभागून काहींना महिन्याला 333 डॉलर आणि बाकीच्यांना 20 डॉलर दिले. पहिल्या वर्षी मेंदूच्या लहरींमध्ये फरक दिसला आणि मोठे मथळे झाले. चौथ्या वर्षी भाषा, वर्तन वगैरे मुख्य मोजमापांत दोन गटांमध्ये ठोस फरक नव्हता.

मोजपट्टी
त्याला दुसरी बाजू आहे. उत्तर कॅरोलायनात 1,420 मुलांचा अभ्यास चालू असतानाच चेरोकी या मूळनिवासी लोकांच्या वस्तीत कॅसिनो (जुगारघर) उघडला आणि नफ्याचा वाटा तिथल्या कुटुंबांना मिळू लागला. जी घरं दारिद्र्यातून वर आली तिथल्या मुलांचे वर्तनाचे प्रश्न घटले. चिंता आणि नैराश्य मात्र तसंच राहिलं. आईबापांचं मुलांवर लक्ष वाढलं हे त्यामागचं मुख्य कारण निघालं. म्हणजे काँगर यांचीच साखळी, उलट्या दिशेने.

आणि रोख मदतीचं पहिलं काम बुद्ध्यांक वाढवणं हे नाहीच. अमेरिकेने 2021 मध्ये मुलांमागे पालकांना मिळणारी करसवलत वाढवली आणि जुलै ते डिसेंबर दरमहा हप्ते दिले. सरकारी मदतही उत्पन्नात धरणाऱ्या पूरक मापानुसार बालदारिद्र्य त्या वर्षी 5.2 टक्क्यांवर आलं. वाढीव सवलत संपली आणि 2022 मध्ये ते 12.4 टक्के झालं. भाडं, औषध, थकलेलं बिल याच्यासाठी रोख. बोलणं-खेळणं हवं असेल तर काठपदर सांगतात ती घरभेट.

काठपदर
एकच निवडायचं तर आधी त्या घरांना एक गोष्ट विचारा: गेल्या तीन महिन्यांत भाडं चुकलं का, घर बदलावं लागलं का. बऱ्याच घरांचं उत्तर हो असेल तर घरभेटीचं वेळापत्रक टिकणारच नाही, सेविका पोचेल तेव्हा कुलूप असेल. तिथे रोख. घरं स्थिर असतील तर घरभेट. आणि कार्यशाळेचे पैसे दोन्हीकडे सेविकेच्या पगारात किंवा हप्त्यात घाला.

उंबरा
हा प्रश्न पाहणीच्या पत्रकात टाकते. कडेलोटाचं 100-20 चं उदाहरण बैठकीत वापरलं तर चालेल ना?

मोजपट्टी
वापरा. फक्त 119 आणि 101 फळ्यावर शेजारी शेजारी लिहा, तोंडी सांगितलं की कुणाच्या लक्षात राहत नाही.