शब्दचर्चा: चढ, लंब आणि ‘ऋण व्यस्त’

प्रश्न: रेषा खाली उतरत असली तरी बीजगणितात तिचा ‘चढ’च का काढतात, उतार का नाही? आणि समांतर रेषांचे चढ समान असतात हे पटतं, पण लंब रेषांचे चढ ‘ऋण व्यस्त’ म्हणजे नेमके कसे?

पहिलं उत्तर: उतार आहे हे चिन्हच सांगतं, म्हणून एका शब्दात भागतं. रेषा डावीकडून उजवीकडे वाचायची. ३ घरं उजवीकडे सरकल्यावर ती २ घरं वर गेली तर चढ २/३, २ घरं खाली आली तर −२/३. ‘ऋण उतार’ मात्र म्हणू नका, तो पुन्हा चढ होतो!

दुसरं उत्तर: हा ‘व्यस्त’ कामात बुडालेला नव्हे, ‘व्यस्त प्रमाण’मधला. अंश-छेदांची अदलाबदल केली की झालं: २/३ चा व्यस्त ३/२. ‘विरुद्ध संख्या’ वेगळी, ती −२/३. लंब रेषेसाठी दोन्ही करावं लागतं, उलटवायचं आणि चिन्हही बदलायचं. घोळ होतो तो इथेच, एक करून दुसरं राहून जातं.

का, ते आलेखाच्या कागदावर बघा. ‘उजवीकडे ३, वर २’ अशी रेषा काढा आणि कागद घड्याळाच्या उलट दिशेने काटकोनात फिरवा. उजवीकडचे ३ आता वर गेले, वरचे २ डावीकडे आले. म्हणजे चढ ३/(−२). दोन्ही चढांचा गुणाकार −१.

प्रश्नकर्ता: मग आडव्या रेषेवरच्या लंबाचं काय? तिथे गुणाकार −१ येतच नाही.

तिसरं उत्तर: येणार नाहीच. आडवीचा चढ ०. उभीचा काढताना शून्याने भागावं लागतं, म्हणून तो ठरवताच येत नाही. ‘उभ्या रेषेचा चढ शून्य’ असं सर्रास लिहिलं जातं, ते चूक. −१ चा नियम दोन्हींपैकी एकही रेषा उभी नसेल तेव्हाचा. आणि लंब म्हणजे उभी असंही नाही. मूळ धातूचा अर्थ लोंबणं (लंबक त्यातलाच), त्यामुळे तसं वाटतं खरं. पण भूमितीत लंब हे दोन रेषांमधलं नातं आहे, दोन्ही तिरप्या असल्या तरी चालतं.

दुसरं उत्तर, पुरवणी: समांतरमध्येही एक खाच आहे. य = २क्ष + १ आणि २य = ४क्ष + २ यांचे चढ समान, पण रेषा एकच. तिला संपाती म्हणतात. य = २क्ष + ५ ही मात्र खरी समांतर.