मदत हवी आहे: बाळंतिणीचा सीटी व्हेनोग्राम आजच करावा की एमआरआयसाठी थांबावं?

घाईत लिहितोय, चुका सांभाळून घ्या.

वहिनींचं सीझर होऊन आज १२ दिवस झाले. भूल कमरेतून दिली होती. दुसऱ्या दिवसापासून डोकं दुखायला लागलं. उठून बसलं की ठणका, आडवं झालं की आराम. भुलेमुळे होतं असं सांगितलं होतं आणि आठवड्यात ते गेलंही. परवापासून पुन्हा सुरू झालंय, पण आता उलटं. आडवं झालं की वाढतं, खोकला आला तर डोकं फुटेल असं वाटतं. काल दोन उलट्या झाल्या. आज सकाळी म्हणाल्या, "भावजी, तुम्ही दोन दिसताय." तेव्हा मात्र गाडी काढली.

बीपी ठीक आहे. साधा सीटी केला, रिपोर्ट नॉर्मल. पण डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं आणि आतली नस सुजलीय म्हणाले. मेंदूच्या शिरेत गुठळी असू शकते, म्हणून औषध टोचून शिरांचा सीटी, म्हणजे व्हेनोग्राम, आजच करा म्हणतात. भाऊ पुण्याहून निघालाय, तोवर निर्णय माझ्यावर आहे.

एक सीटी नॉर्मल असताना लगेच दुसरा कशाला? नर्स म्हणते दोन दिवस दूध पिळून टाका, ते खरं का? आणि लातूरला एमआरआयमध्ये हेच विनाइंजेक्शन होतं म्हणे, पण नंबर सोमवारचा आहे. थांबू का?

(मावशीच्या मते कानाला फडकं बांधलं नाही, वारं लागलं.)

प्रतिसाद १
सोमवारपर्यंत थांबू नका. मी सीटीच्या मशीनवरच काम करतो. साध्या सीटीत गुठळी ताजी आणि दाट असेल तरच शीर पांढरी उठून दिसते, नाहीतर कित्येकदा काहीच कळत नाही. म्हणून तो नॉर्मल आला तरी शंका मिटत नाही. व्हेनोग्राममध्ये हाताच्या शिरेतून ७५ ते १०० मिली आयोडीनचं औषध पंपाने सोडतो आणि साधारण ४०-४५ सेकंद थांबतो, म्हणजे ते धमन्यांतून पुढे शिरांत उतरतं. मग काही सेकंदांत फोटो. भरलेली शीर पांढरी दिसते, गुठळी असेल तिथे काळी पोकळी. डोक्याच्या मधोमध जी मोठी शीर जाते ती आडव्या छेदात त्रिकोणी असते. तिच्या कडा पांढऱ्या आणि मध्य काळा दिसला की आम्ही तिथेच डॉक्टरांना हाक मारतो.

विनाइंजेक्शन एमआरआय वाहत्या रक्तावर चालतो. प्रवाह मंद असला तरी शीर बंद भासते, त्यात डावीकडची आडवी शीर बऱ्याच जणांत जन्मतःच बारीक असते. मेंदूला किती इजा झाली हे एमआरआयच चांगलं सांगतो, पण तो नंतरही होईल.

वहिनींना आधी सांगून ठेवा, औषध जाताना अंग गरम होतं, लघवी झाली असं वाटतं. होत नाही.

प्रतिसाद २
दूध टाकायची गरज नाही. औषधाचा १ टक्क्याहूनही कमी भाग दुधात येतो आणि त्यातलाही अगदी थोडा बाळाच्या आतड्यातून रक्तात जातो. मनाला लागत असेल तर तपासणीच्या आधी पोटभर पाजून घ्या. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) केलंय ना? दमा किंवा पूर्वी अशा औषधाची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा. आणि एक विचारते, पोट सुटेल म्हणून पाणी तोडलंय का? पाणी कमी पडलं तरी गुठळी व्हायला मदत होते.

प्रतिसाद ३
वेखंड-सुंठीचा लेप लावून बघा. आमच्याकडे लगेच उतार पडतो.

प्रतिसाद २
लेप सर्दीला लावा. इथे डोळ्यांची नस सुजलीय.

धागाकर्ता
चार वाजता झाला. मधली मोठी शीर आणि उजवी आडवी शीर, दोन्हींत गुठळी. पोटात हेपरिनची (रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाची) इंजेक्शनं सुरू केलीत, सकाळ-संध्याकाळ. मेंदूत थोडा रक्तस्राव असता तरी हेच दिलं असतं म्हणाले, हे ऐकून मी चाटच पडलो. पुढे काही महिने वॉरफरिन, म्हणजे रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या, आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी) २ ते ३ मध्ये ठेवायचं. त्या गोळ्या चालू असताना अंगावर पाजता येतं, हेही विचारून घेतलं.

पाण्याचं खरं निघालं. आई दिवसाला दोन पेले देत होती, तेही कोमट. कोणी काही बोललं नाही तिला.

आता एवढंच सांगा, उदगीरमध्ये आयएनआरचा रिपोर्ट त्याच दिवशी कुठे मिळतो? दर वेळी एवढ्या लहान बाळाला घेऊन लातूर जमणार नाही.