मदत हवी आहे: लियोंला जाण्याआधी कानाला फ्रेंचची सवय कशी लावू?

नमस्कार मंडळी. माझं माहेर येवल्याचं, घरात पैठणीचे माग. लेक फ्रान्समध्ये लियोंला शिकते, सप्टेंबरात तिच्याकडे जातेय. वय ५४. पुण्यात क्लास लावून ए१ची (अगदी पहिल्या पातळीची) परीक्षा पास झाले, वाचता बऱ्यापैकी येतं. पण ऐकताना दांडी गुल! शब्दाचं शेवटचं अक्षर एरवी गिळतात आणि पुढे स्वर आला की तेच अक्षर पुढच्या शब्दाला चिकटवून बोलतात. त्यात ७० म्हणजे ‘साठ-दहा’, ८० म्हणजे ‘चार-वीस’, ९९ म्हणजे ‘चार-वीस-एकोणीस’. लेकीने दोन-दोन आकड्यांच्या जोड्यांनी फोन नंबर सांगितला तर मी अजून पहिल्या जोडीतच. (आपले एकोणऐंशी-एकोणनव्वद शिकणाऱ्यांचे हाल आत्ता कळले!)

नक्षी विणणाऱ्या जकार्ड मागाला ज्याचं नाव आहे तो जोसेफ-मारी जाकार लियोंचाच, १७५२चा जन्म. तिथल्या क्रुआ-रूस टेकडीवर रेशीम विणकरांची वस्ती होती, उंच माग मावावेत म्हणून घरांची छतंही उंच. ते मला बघायचंच आहे. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी फ्रान्सभर वारसा दिवस असतात, एरवी बंद असणाऱ्या वास्तूही उघडतात. १९८४ पासूनची प्रथा.

तर विचारायचं असं, की सावकाश बोललेलं ऐकायला काय चांगलं? आकडे कसे घोटवलेत? आणि त्या दोन दिवसांत तिथे कुणी चालता माग पाहिलाय का? ताण्याला (उभे धागे) ‘शेन’, बाण्याला (आडवे धागे) ‘त्राम’, बाणा इकडून तिकडे नेणाऱ्या धोट्याला ‘नाव्हेत’ एवढं पाठ केलंय. विणकराशी दोन वाक्यं बोलता आली तरी पुरे.